दुखायची थांबलेली दाढ: एक प्रकरण अभ्यास

रुग्ण २३ वर्षांचा, चाकणच्या एमआयडीसीत शिफ्टवर काम करणारा तरुण. तक्रार अशी: उजवीकडची खालची दाढ तीन रात्री ठणकतेय, गाल सुजलाय, दातावर दात टेकवता येत नाही. पुढे त्याने सहज जोडलेलं वाक्य मात्र जास्त महत्त्वाचं होतं. "ही दाढ दोन वर्षांपूर्वी पण दुखत होती, पण मग आपोआप बरी झाली."

हे प्रकरण कुणा एका माणसाचं नाही. दातांच्या दवाखान्यात वारंवार येणाऱ्या अशा रुग्णांचं चित्र एकत्र करून ते मांडलं आहे. दाढेवरच्या खुणा, कीड पुढे सरकण्याचा क्रम आणि उपचाराच्या पायऱ्या मात्र प्रत्यक्षात असतात तशाच दिल्या आहेत.

खुर्चीत बसल्यावर

सगळ्यात आधी सूज पाहिली, दाढ नंतर. ताप नव्हता. तोंड उभी तीन बोटं मावतील इतकं उघडत होतं. गिळायला त्रास नव्हता आणि जिभेखालचा भाग मऊ होता. ही तपासणी आधी करायची, कारण सूज जबड्याखाली किंवा गळ्याकडे उतरली असेल, तोंड उघडत नसेल, गिळताना किंवा श्वास घेताना अडत असेल, तर रुग्णाला तिथे थांबवून ठेवायचं नसतं. त्याला तातडीने मोठ्या रुग्णालयात हलवावं लागतं. दातातला पू गळ्याच्या बाजूला पसरला तर जीव जाऊ शकतो.

मग दाढ. जिभेकडची भिंत तुटलेली, मधोमध खड्डा, त्यात जेवणाचे कण आणि लवंगेच्या तेलाचा वास येणारा कापसाचा बोळा. बोळा काढून तळ खरवडला तर ओल्या पुठ्ठ्यासारखा मऊ तपकिरी थर सुटून आला. आरशाच्या दांडीने वरून हलकेच ठोकलं तशी कळ मस्तकात गेली. पण कापसावर थंड फवारा घेऊन तोच कापूस दाढेला लावला, तर काहीच नाही. शेजारच्या दाढेला लावल्याबरोबर त्याने हात वर केला. म्हणजे या दाढेतली नस मेलेली होती आणि दुखत होतं ते मुळांच्या टोकाशी, हाडात. गालाकडच्या हिरडीवर बाजरीच्या दाण्याएवढा एक वण होता. विचारल्यावर कळलं की तिथे सहा महिने पुळी यायची, खारट पाणी निघायचं आणि बसायची. या खेपेस तिचं तोंड बंद झालं, पू आत अडकला आणि गाल सुजला.

आणखी एक खूण त्याला स्वतःला माहीत नव्हती. डावीकडचे दात बऱ्यापैकी स्वच्छ होते, उजवीकडे मात्र हिरडीच्या कडेने पिवळं कठीण कीटण चढलं होतं. जी बाजू दुखते ती चावायला वापरली जात नाही आणि ब्रशही तिथे घाबरत फिरतो, म्हणून तिथे मळ जास्त साचतो. दोन वर्षांत दाढ "बरी" झाली असती तर ही बाजू अशी दिसली नसती.

एक्स-रेमध्ये दोन्ही मुळांच्या टोकाशी काळसर डाग होते, मागच्या मुळाशी मसुराएवढा. तिथलं हाड विरघळलं होतं. पुढच्या उपदाढेच्या दाढेकडच्या बाजूलाही एक छोटी त्रिकोणी सावली होती. वरून पाहिलं तर ती उपदाढ अगदी चांगली दिसत होती.

ही दाढ कधीची?

सहाव्या वर्षाच्या आसपास, शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे, ही पहिली कायमची दाढ येते. ती येताना दुधाचा एकही दात पडत नाही, म्हणून बहुतेक घरांत ती दुधाचीच समजली जाते आणि "पडणारच आहे" म्हणून सोडून दिली जाते. ती पूर्ण वर यायला बरेच महिने लागतात. तोवर तिचा माथा बाकीच्या दातांच्या पातळीखाली असतो आणि आडवा फिरणारा ब्रश तिला न शिवता वरून निघून जातो. नुकत्याच आलेल्या दाताचं वरचं कवच, म्हणजे एनॅमलही पुरतं पक्कं झालेलं नसतं. ते लाळेतले क्षार शोषत पुढच्या काही वर्षांत टणक होतं. एकूण काय, सगळ्यात कच्च्या काळात सगळ्यात कमी लक्ष मिळणारा दात तो हाच.

त्यात दाढेच्या माथ्यावरच्या खाचा. काही खाचा इतक्या अरुंद असतात की ब्रशचा एक केसही तळापर्यंत पोचत नाही. या घरात तेव्हा लाल दंतमंजन होतं आणि ते बोटाने लावायची पद्धत. बोटाने पुढचे दात चकचकीत होतात, पण दाढेची खाच आणि दोन दातांमधली फट या दोन्ही जागा तशाच राहतात. कीड बहुतेक वेळा नेमकी तिथेच सुरू होते.

दुर्लक्ष या शब्दाने मनात वेगळंच चित्र उभं राहतं. हा मुलगा रोज दात घासत होता, एकही दिवस चुकवत नव्हता. सकाळी उठल्यावर, चहाच्या आधी, अर्धा मिनिट. त्यानंतर चहा-बिस्किटापासून रात्रीच्या जेवणापर्यंत जे काही खाल्लं ते दुसऱ्या सकाळपर्यंत दातांवरच राहायचं.

मळाखाली काय चालतं

घासलेल्या दातावर काही मिनिटांत लाळेतल्या प्रथिनांचा पातळ पापुद्रा बसतो. त्यावर जिवाणू चिकटतात, वाढतात आणि एक-दोन दिवसांत त्यांचा दाट थर होतो. हाच प्लाक. हिरडीच्या कडेजवळ दातावर नख हलकेच ओढलं तर नखावर येणारा पांढरट पिवळा लगदा म्हणजे उरलेलं अन्न असं वाटतं, पण ती जिवाणूंची वस्ती असते. नुसती चूळ भरून ती जात नाही, घासूनच काढावी लागते.

यातल्या काही जिवाणूंना, विशेषतः स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स या गटाला, साखर मिळाली की ते तिचं आम्ल करतात. साध्या साखरेपासून ते एक चिकट पदार्थही बनवतात, त्यामुळे थर आणखी घट्ट बसतो. गोड खाल्ल्यावर काही मिनिटांतच प्लाकचा पीएच (आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) सातच्या जवळून साडेपाचच्या खाली येतो आणि एनॅमलमधले कॅल्शियम व फॉस्फेट सुटू लागतात. लाळ हे आम्ल हळूहळू मारते, पण त्याला साधारण २० ते ४० मिनिटं लागतात. त्यानंतर लाळेतलेच क्षार एनॅमलमध्ये परत बसू लागतात. ही ये-जा प्रत्येकाच्या तोंडात रोज चालते. जाणं जास्त आणि येणं कमी असं महिनोन्‌महिने चाललं की दात पोकळ होऊ लागतो.

म्हणून किती गोड खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे जास्त धरायचं. जेवणानंतर एकदाच खाल्लेल्या दोन पुरणपोळ्या आणि दिवसभरात सहा वेळा घेतलेला साखरेचा चहा यांत दाताला चहा जड जातो. चहासोबतचं बिस्किट, खारी किंवा टोस्ट त्याहून वाईट. त्याचा लगदा खाचेत बसतो आणि चहा संपल्यावरही तासभर आम्ल बनत राहतं.

झोपेत लाळ जवळजवळ थांबते, म्हणून रात्री न घासता झोपणं सगळ्यात महागात पडतं. या तरुणाच्या बाबतीत घड्याळच उलटं होतं. रात्रपाळीत बारा, अडीच आणि पाच वाजता चहा-खारी. सकाळी आठला घरी येऊन चहा-पोहे खाऊन तो तसाच झोपायचा. उठायचा दुपारी तीनला, आणि त्याचं "सकाळचं" घासणं तेव्हा व्हायचं. म्हणजे लाळ नसलेले सलग सात तास, अख्ख्या रात्रीच्या साखरेवर.

एवढ्याने किती लवकर नुकसान होतं, हे माणसांवरच तपासलं गेलं आहे. डेन्मार्कमधल्या आर्हूस इथे हाराल्ड ल्यो आणि सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये निरोगी हिरड्या असलेल्या १२ जणांना दात घासणं पूर्ण थांबवायला सांगितलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, आणि घासणं परत सुरू केल्यावर साधारण आठवडाभरात ओसरल्या. १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढच्या प्रयोगात घासणं बंद ठेवून काहींना रोज नऊ वेळा साखरेच्या पाण्याने चुळा भरायला लावल्या. २३ दिवसांत एनॅमलवर किडीचे पहिले पांढरे डाग आले. नंतर नीट स्वच्छता आणि फ्लोराइडच्या, म्हणजे एनॅमल टणक करणाऱ्या क्षाराच्या, चुळा सुरू केल्यावर तेही मागे हटले.

दाढेने दिलेल्या सूचना

पहिली सूचना तो पांढरा डाग. खडूसारखा, चमक नसलेला. ओल्या दातावर तो दिसत नाही, हवेच्या झोताने पाच सेकंद वाळवल्यावर उठून दिसतो. या टप्प्यावर पृष्ठभाग अजून शाबूत असतो, म्हणून ड्रिल लागत नाही. मळ काढणं, गोडाच्या वेळा कमी करणं आणि फ्लोराइड एवढ्यावर डाग थांबतो. या दाढेचा तो काळ शाळेतच निघून गेला.

दुसरी सूचना खाचेतली तपकिरी रेघ. साधारण पंधराव्या वर्षी ती आरशात दिसत होती, असं त्याला आठवतं. इथे एक खुलासा करायला हवा: खाचेतली प्रत्येक काळी रेघ म्हणजे कीड नव्हे. चहाचा डाग असतो, आणि कधी जुनी थांबलेली कीडही असते. रेघेभोवतीचं एनॅमल आतून करडं दिसतंय का, कड मऊ लागते का, एक्स-रेमध्ये खाली सावली आहे का, यावरून ठरवतात.

तिसरी सूचना थंड पाण्याने आणि गोडाने येणारी सणक, सतरा-अठराच्या सुमारास. एनॅमलला संवेदना नसते. सणक आली याचा अर्थ कीड एनॅमल ओलांडून त्याखालच्या थरात, डेंटिनमध्ये शिरली. डेंटिन मऊ असतं आणि त्यातल्या सूक्ष्म नळ्या थेट नसेकडे जातात. तिथे पोचल्यावर कीड आडवी पसरते. त्यामुळे वर टाचणीच्या डोक्याएवढं भोक आणि आत तुरीच्या दाण्याएवढी पोकळी असा प्रकार होतो. मग एखाद्या दिवशी चिक्की किंवा भाजलेला हरभरा चावताना आधार नसलेली भिंत तुटते आणि सगळ्यांना वाटतं, दात हरभऱ्याने तुटला. या वेळी आलेली सणक पाणी गेल्यावर लगेच थांबत असेल, तर साधं भरणं पुरतं. एका बैठकीचं काम.

चौथी सूचना एकविसाव्या वर्षी. आता सणक थांबत नव्हती. गरम चहाने ठणका सुरू व्हायचा, आडवं झाल्यावर वाढायचा, रात्री उठवायचा. नस कठीण भिंतींच्या आत कोंडलेली असते. सुजायला जागा नसते, आणि आडवं झाल्यावर डोक्याकडचा रक्तदाब वाढून ठणका तीव्र होतो. हा त्रास एकदा सुरू झाला की नस परत पहिल्यासारखी होत नाही. मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्या आल्या, लवंगेचं तेल आलं. लवंगेतल्या युजेनॉलने नस काही वेळ बधिर होते हे खरं, पण कीड थांबत नाही, आणि तेलाचा बोळा हिरडीला लागून राहिला तर हिरडी भाजते. गावाकडे कुणीतरी रिंगणीच्या बियांची धुरी सुचवली. धुरीनंतर पडणाऱ्या "अळ्या" दातातून आलेल्या नसतात. दातात अळी नसतेच, कीड हे नुसतं नाव आहे.

साधारण दहा दिवसांनी ठणका अचानक थांबला. या प्रकरणाचा मुख्य मुद्दा हाच. दुखणं थांबलं कारण दुखू शकणारी नस मेली. मेलेल्या नसेपर्यंत रक्तपुरवठा नसतो, म्हणून शरीराचं संरक्षण आणि पोटातून घेतलेलं औषध दोन्ही तिथे पोचत नाहीत. जिवाणूंना मात्र उबदार, ओली, निर्वेध जागा मिळते. पुढची दोन वर्षं ते मुळाच्या टोकातून हाडात उतरत राहिले, आणि त्या काळात त्याच्या हिशेबी दाढ बरी होती.

त्या दिवशी केलेलं काम

बधिर करण्यासाठी खालच्या जबड्याच्या मुख्य नसेला लिग्नोकेनचं इंजेक्शन दिलं. पू असलेल्या जागी इंजेक्शन नीट लागत नाही, कारण तिथल्या आम्लामुळे औषध नसेत शिरत नाही. म्हणून ते सुजेपासून लांब, मागे द्यायचं. किडलेला भाग काढून दाढेचा माथा उघडल्याबरोबर आतून पू आला आणि त्याचा चेहरा पाच मिनिटांत सैल पडला. अँटिबायोटिक दिलं नाही. ताप नव्हता, सूज पसरत नव्हती, पू बाहेर निघाला होता. कोंडलेला पू आणि मेलेली नस आत ठेवून नुसता अँटिबायोटिकचा कोर्स केला, तर दहा दिवसांची उसंत मिळते आणि दुखणं परत येतं. जेवणानंतर आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम, गरजेपुरतं, दोन-तीन दिवस. पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, गर्भारपण किंवा डेंग्यूची शंका असेल, तर हे औषध नको.

दाढ ठेवायची की काढायची? हिरडीच्या वर सगळीकडून साधारण २ मिलिमीटर निरोगी दात उरत होता, मुळं जिथे वेगळी होतात तिथे भोक पडलं नव्हतं, हाडाचा आधार चांगला होता. म्हणून ठेवायची. काढली असती तर मागची दाढ पुढे कलली असती, वरची दाढ रिकाम्या जागेत उतरली असती आणि नवा दात बसवणं वेळ गेल्यावर अवघड झालं असतं. दाढ काढल्याने डोळे अधू होतात ही भीती त्याच्या आईने बोलून दाखवली. दृष्टीची नस आणि दातांची नस पूर्ण वेगळ्या आहेत. खालच्या दाढेचा तर डोळ्याशी काहीच संबंध नाही.

रूट कॅनाल दोन भेटींत केलं. दातावर रबराचा पडदा बसवला, म्हणजे लाळ आत जात नाही आणि औषध घशात उतरत नाही. खालच्या पहिल्या दाढेत बहुधा तीन कॅनाल, म्हणजे मुळातल्या नसेच्या नळ्या, असतात, पुढच्या मुळात दोन आणि मागच्यात एक. इथे मागच्या मुळात दुसरा कॅनाल निघाला. चौथा शोधला नसता तर मसुराएवढा डाग तसाच राहिला असता. रूट कॅनाल करूनही दाढ दुखत राहण्यामागे असा सुटलेला कॅनाल हे एक नेहमीचं कारण असतं. प्रत्येक कॅनालची लांबी यंत्राने मोजली, सोडियम हायपोक्लोराइट या जंतुनाशकाने भरपूर धुतलं, आठवडाभर आत कॅल्शियम हायड्रॉक्साइड हे औषध ठेवलं. पुढच्या भेटीत पुळी पूर्ण बसली होती. कॅनाल गटापर्चा या रबरासारख्या पदार्थाने बंद केले, वर कॉम्पोझिट या दाताच्या रंगाच्या मसाल्याने दाढ बांधली आणि दोन आठवड्यांत कॅप बसवली. ही कॅप टाळायची नसते. एवढा दात गेलेली दाढ कॅपशिवाय चावताना उभी चिरते, आणि मुळापर्यंत चीर गेली की काढण्यावाचून मार्ग उरत नाही.

उपदाढेतली त्रिकोणी सावली डेंटिनच्या सुरुवातीला होती. ती त्याच महिन्यात भरून टाकली, दुखायच्या आधी. कीटण काढताना हिरड्यांतून रक्त आलं. घरी ब्रशला रक्त दिसलं की तो ती बाजू सोडून देत असे. करायचं उलट: मऊ ब्रशने तीच जागा रोज नीट घासली की रक्त साधारण आठ-दहा दिवसांत थांबतं. दोन आठवड्यांतही थांबलं नाही तर दाखवायचं.

त्याच्या दिनक्रमात बसवलेलं

घासायच्या दोन वेळा. त्यातली पक्की वेळ झोपेच्या आधीची, म्हणजे रात्रपाळीच्या आठवड्यात सकाळी साडेआठ. पोहे-चहा झाल्यावर पाण्याने चूळ, मग घासणं, आणि त्यानंतर पाण्याखेरीज काही नाही. ब्रश मऊ, डोकं लहान, हिरडीकडे साधारण ४५ अंशांत तिरका धरून छोट्या थरथरत्या हालचाली. दोन मिनिटं, मोबाइलवर वेळ लावून. सुरुवात उजवीकडच्या शेवटच्या दाढेच्या जिभेकडच्या बाजूने, कारण ती सगळ्यात जास्त चुकते. पेस्ट वाटाण्याएवढी आणि फ्लोराइडची. खोक्यावर सोडियम फ्लोराइड किंवा सोडियम मोनोफ्लोरोफॉस्फेट लिहिलेलं असतं, फ्लोराइडचं प्रमाण सांगणारा १००० पीपीएमच्या आसपासचा आकडा असतो, तो वाचून घ्यायची. घासून झाल्यावर थुंकायचं, पण चुळांवर चुळा भरून फ्लोराइड धुऊन टाकायचं नाही. केस बाहेर वळले की, नाहीतर तीन महिन्यांनी, नवा ब्रश. दाढा आणि उपदाढांमध्ये रोज एकदा फ्लॉस, म्हणजे फटी साफ करायचा दोरा. तो त्याला जमला नाही, म्हणून फटीत बसेल असा बारीक इंटरडेंटल ब्रश दिला, आणि तो मात्र टिकला.

चहा सोडायला सांगितलं नाही. रात्रपाळीत तो सुटत नाही. तीन चहांपैकी दोन बिनसाखरेचे, खारी फक्त पहिल्याबरोबर, बाकी वेळी शेंगदाणे किंवा फुटाणे. प्रत्येक चहानंतर पाण्याचे दोन घोट तोंडात फिरवून. हे सगळं एकदम झालं नाही. पहिल्या महिन्यात साखर जशीच्या तशी राहिली, झोपेआधीचं घासणं तेवढं बसलं.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड भागातल्या काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असतं. तिथल्या लहान मुलांसाठी पेस्ट दंतवैद्याला विचारून ठरवावी. एरवी तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि त्यापुढे वाटाण्याएवढी पेस्ट, मोठ्यांनी स्वतःच्या हाताने लावून. खर्चाची अडचण असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालयं, तसंच मुंबईतलं नायर दंत महाविद्यालय यांच्या ओपीडीत ही सगळी कामं होतात.

सहा महिन्यांच्या एक्स-रेमध्ये मुळाच्या टोकाचा डाग लहान झाला होता, वर्षाने तिथे हाडाची जाळी दिसू लागली. उजवीकडे कीटण नव्हतं. वर्षाच्या भेटीला त्याने सोबत सात वर्षांच्या पुतण्याला आणलं. पोराच्या चारही सहा वर्षांच्या दाढा दिसू लागल्या होत्या, खाचा खोल पण किडीविना. खाचा साफ करून, वाळवून, आम्लाचा जेल लावून, धुऊन, परत वाळवून तीन दाढांवर सीलंट, म्हणजे खाच बुजवणारा पातळ लेप, ओतलं आणि निळ्या प्रकाशाने घट्ट केलं. इंजेक्शन नाही, ड्रिल नाही, एका दाढेला काही मिनिटं. खालची उजवी दाढ अजून अर्धी हिरडीखाली होती, तिथे कोरडं ठेवणं जमेना. तिला फ्लोराइड वार्निश लावून तीन महिन्यांनी परत बोलावलं.